स्पॅनिश क्रियापदांतील ‘से’चा पेच

स्पॅनिश भाषेत ‘लेवान्तार’ म्हणजे उचलणे, तर ‘लेवान्तार्से’ म्हणजे उठणे. ‘से’ या आत्मवाचक सर्वनामामुळे क्रिया कर्त्याकडेच वळते. मराठीतील ‘उठणे’ला असा जोड लागत नसल्याने मराठी भाषक विद्यार्थी तो सहज गाळतो. मग ‘तू लवकर उठावेस अशी आईची इच्छा होती’ याचा अर्थ ‘तू लवकर उचलावेस’ असा होतो. काय उचलावे, हे आईच जाणे!

या ‘उठावेस’साठी स्पॅनिशमध्ये सब्जंक्टिव्हचे अपूर्ण भूतकाळी रूप योजतात. साध्या भूतकाळाच्या तृतीयपुरुषी अनेकवचनातील, म्हणजे ‘लेवान्तारोन’मधील ‘रोन’ काढून ‘रा’चे प्रत्यय लावावेत : मे लेवान्तारा (मी), ते लेवान्तारास (तू), से लेवान्तारा (तो, ती), नोस लेवान्तारामोस (आम्ही), ओस लेवान्ताराइस (तुम्ही), से लेवान्तारान (ते). आघात सर्वत्र ‘ता’वरच असला, तरी त्याचे चिन्ह केवळ ‘आम्ही’च्या रूपात लिहितात. सर्वनाम पुरुषानुसार बदलते व क्रियापदापूर्वी सुटे येते.

अनियमित क्रियापदेही याच वाटेने जातात. ‘बेस्तीर्से’ (कपडे घालणे) याचे ‘बिस्त्येरोन’, त्यावरून ‘मे बिस्त्येरा’. ‘ईर्से’ (निघून जाणे) याचे ‘फ्वेरोन’, त्यावरून ‘मे फ्वेरा’.

‘रा’ऐवजी ‘से’ प्रत्ययही चालतो. त्यामुळे ‘से लेवान्तासे’मध्ये पहिला ‘से’ सर्वनाम, तर दुसरा निव्वळ प्रत्यय! लॅटिन अमेरिकेत मात्र ‘रा’चीच चलती आहे. तेथे ‘ओस’ही वापरात नाही, अनेकांना उद्देशून ‘से लेवान्तारान’ असेच म्हणतात.