उन्हाचा बळी, तेव्हा आणि आता

७ मे १८५८. झाशी पडून महिना झाला होता. काल्पीच्या वाटेवर कोंच या गावी तात्या टोपे आणि इंग्रज सेनापती सर ह्यू रोझ समोरासमोर आले. रात्रभर चालून आलेली गोरी फौज भर उन्हात लढली. लढाई रोझने जिंकली, पण त्याचे कितीतरी शिपाई गोळी न लागताच कोसळले. खुद्द रोझला उन्हाने घेरी येऊन घोड्यावरून उतरावे लागले. डॉक्टरांनी अंगावर गार पाणी ओतून त्याला पुन्हा घोड्यावर बसवले. पुढे काल्पीच्या मोहिमेत बंडवाल्यांचा एक हुकूम इंग्रजांच्या हाती लागला. सकाळी दहाच्या आधी गोऱ्यांवर चाल करू नका, ऊन चढल्यावर लढा, असा त्याचा आशय होता.

मला या हकिकतीत रस आहे तो लढाईपेक्षा त्या गार पाण्यामुळे. कारण त्या काळचे वैद्यकशास्त्र भलतेच सांगत होते. उष्माघात म्हणजे मेंदूत रक्त चढणे असे मानून रोग्याची शीर कापून रक्त काढत. घामाने आधीच शोषलेला माणूस त्याने अधिकच खचे. सूर्याचे किरण कवटीतून आणि कण्यातून आत शिरतात, हा दुसरा समज. म्हणून साहेबाच्या डोक्यावर सोला टोपी आली. पाणथळीत उगवणाऱ्या शोला नावाच्या झुडपाच्या गाभ्यापासून ती बनवत. पाठीच्या कण्यावर कापडी गादीही बांधत. दुसऱ्या महायुद्धानंतर ही टोपी मागे पडली.

खरे कारण १९०५ साली जे. एस. हॉल्डेन यांनी प्रयोगांनी दाखवले. घाम वाळतो तेव्हा अंग निवते. हवा दमट असेल तर घाम नुसताच निथळतो आणि शरीर आतून तापत जाते. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा म्हणूनच महत्त्वाचा. विदर्भातल्या कोरड्या पंचेचाळीस अंशांना आपण भितो, पण कोकणपट्टीतले दमट अडतीसही जीव घेऊ शकतात. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर जमलेल्या गर्दीतली माणसे दगावली, तेव्हा पारा चाळिशीच्या आतच होता.

ओळखायचे कसे? डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे ही पहिली सूचना. अशा वेळी सावली, विश्रांती आणि मीठ-साखरेचे पाणी, ताक किंवा पन्हे पुरते. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, शुद्ध हरपली आणि अंग तापून चाळीस अंशांवर गेले, तर तो उष्माघात. घाम थांबलाच पाहिजे असे नाही. कष्टाचे काम करणाऱ्याला घाम येत असतानाही तो होतो. लगेच १०८ ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत थांबू नये. कपडे सैल करून अंगभर गार पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत, मानेशी, जांघेत बर्फ ठेवावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. तापावरच्या गोळ्या इथे चालत नाहीत. खिशातला कांदाही उपयोगाचा नाही.

मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचे अभ्यासात आढळले. त्यातून २०१३ साली तिथे उष्णतेचा कृती आराखडा आला. आगाऊ इशारा, पाणपोया, दवाखान्यांची तयारी आणि कामाच्या वेळांत बदल, असे त्याचे स्वरूप. नागपूरसारख्या शहरांनीही पुढे तो मार्ग धरला.

यातली शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे. काल्पीच्या हुकुमात लढाईची वेळ ठरवण्याचा अधिकार सरदाराला होता. आज वीटभट्टीवरच्या, रस्त्यावर डांबर टाकणाऱ्या मजुराला कामाची वेळ स्वतः ठरवता येत नाही. ती त्याला काम देणाराच ठरवतो. तेव्हा आपल्या घरी गवंडी, रंगारी किंवा हमाल येणार असेल, तर बारा ते चार त्याला सुट्टी द्या, मजुरी न कापता.