बालकांचा रक्तकर्करोग आणि बार्शीची नोंदवही

सोलापूर जिल्हा हा मुळांत कोरडवाहू ज्वारीचा मुलूख. ज्वारीला फवारणी फारशी लागत नसे. पुढें द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागा उठल्या, व त्यांच्याबरोबर पाठीवरचा पंप आणि कीटकनाशकांचे डबे शेतकऱ्याच्या घरांत आले. हीं विषें त्याच्या लेंकरांच्या रक्तापर्यंत पोंचतात काय, हें शोधावयाचें तर आजारी मुलें किती, हें आधीं ठाऊक असावें लागतें. आणि भारताच्या खेड्यांत कर्करोगाची अशी मोजणी सुरू झाली ती याच जिल्ह्यांत, बार्शी येथें.

मुंबईत कर्करोगाची वस्तीवार नोंद १९६३ पासून होत होती. परंतु शहराच्या दप्तरावरून खेड्याचा अंदाज बांधतां येत नाहीं. १९८७ सालीं बार्शीस देशांतील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी स्थापन झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गांवें तिच्या कक्षेंत घेतलीं गेलीं. खेड्यांतील रोगी पुष्कळदां इस्पितळाची पायरी चढतच नसे. त्याच्या मृत्यूचें कारणहि नीट लिहिलें जात नसे. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गांवोगांव फिरले, लोकांशीं बोलले, संशयित रोग्यांस तपासणीकडे वळवूं लागले. वहीनेंच रोग्याच्या दारीं जावें, ही बार्शीची खरी नवलाई.

योगायोग असा कीं, त्याच १९८७ सालीं अमेरिकेंतील लॉस एंजेलिस येथील एक संशोधन प्रसिद्ध झालें. रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांच्या व तशाच वयाच्या निरोगी मुलांच्या आईबापांस प्रश्न विचारण्यांत आले. घरांत वा बागेंत कीटकनाशकें वापरणाऱ्या कुटुंबांत हा रोग अधिक दिसला. मात्र या पद्धतींत एक खोंच आहे. आजारी मुलाची आई ‘माझ्याच बाळाला कां?’ म्हणून एकेक दिवस आठवून पाहते. निरोगी मुलाच्या आईस दोन वर्षांपूर्वींची फवारणी कशाला आठवेल?

पुढें अशा १६ संशोधनांचा एकत्र विचार होऊन २०१५ मध्यें जो निष्कर्ष निघाला, तो शेतकऱ्यास चकित करील. घराच्या आंत वापरलेल्या कीटकनाशकांशीं मुलांच्या रक्तकर्करोगाचा संबंध आढळला, धोका सुमारें दीडपट. घराभोंवतीं बाहेर वापरलेल्यांशीं तसा स्पष्ट संबंध आढळला नाहीं. अर्थात् ज्या घरांत औषधाचा डबा माजघराच्या कोपऱ्यांत असतो आणि फवारणीचे कपडे मुलांच्या कपड्यांबरोबरच धुतले जातात, तेथें आंत कोणतें आणि बाहेर कोणतें?

दीडपट म्हटलें तरी हा रोग विरळाच. एका लाख मुलांत वर्षाकाठीं थोड्याच मुलांस तो होतो. ३४६ गांवांत अशीं मुलें बोटांवर मोजण्याइतकींच सांपडणार. एवढ्यांवरून फवारणीचा दोष सिद्ध होत नाहीं, आणि ती निर्दोषहि ठरत नाहीं. त्यासाठीं अनेक जिल्ह्यांच्या वह्या एकत्र कराव्या लागतात; शिवाय मूल आजारी पडण्यापूर्वींच, त्याच्या घरीं कोणतें औषध किती वेळां वापरलें, हें कोणीतरी लिहून ठेवावें लागतें.