किनाऱ्यालगतचा समुद्र आणि कायदा

आदिलाबाद जिल्ह्याला समुद्र नाही. परंतु गायरानाचा प्रश्न येथील वाचकास परका नाही. जे सर्वांचे असते त्यावर बलवंताचा ताबा बसावयास वेळ लागत नाही. कोकणातील मासेमारीच्या नियमनाचा इतिहास हा याच प्रश्नाचा सागरी अध्याय होय.

सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर रापण ही सामुदायिक मासेमारीची जुनी रीत आहे. होडीतून अर्धवर्तुळाकार जाळे सोडावयाचे, त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढावयाची आणि मासळी वाट्यांनी विभागावयाची, असा तिचा रिवाज. तिची सारी मदार बांगडा, तारली यांचे थवे किनाऱ्याजवळ येण्यावर असते. पर्ससीन जाळे मात्र थव्याला भर समुद्रातच वेढते आणि तळाशी आवळून उचलते. किनाऱ्यावर दोर धरून उभ्या राहिलेल्यांच्या हाती मग रिकामे जाळे येते.

1970 नंतरच्या दशकात गोव्यातील रापणकरांनी यांत्रिक नौकांविरुद्ध आंदोलन उभारले. केंद्र सरकारने 1976 मध्ये मजुमदार समिती नेमली आणि 1979 मध्ये राज्यांसाठी नमुना विधेयक तयार केले; कारण किनाऱ्यापासून 12 सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्यांच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम 1981 चा. नौकांना परवाने, जाळ्यांवर निर्बंध, यांत्रिक नौकांना विशिष्ट क्षेत्रांत मनाई, अशी व्यवस्था त्यामुळे शक्य झाली.

परंतु मनाई करणे निराळे आणि ती पाळावयास लावणे निराळे. नौका पकडावयाची मत्स्यव्यवसाय खात्याने, तर दंडाचा निर्णय द्यावयाचा तहसीलदाराने, अशी विभागणी राहिली. 5 फेब्रुवारी 2016 च्या आदेशाने पर्ससीन मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांपुरती मर्यादित केली आणि तिचे परवाने टप्प्याटप्प्याने 182 पर्यंत खाली आणण्याचे ठरविले. तरी बजावणीचा दुबळेपणा उरलाच. अखेर 2021 च्या दुरुस्तीने निर्णयाचा अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याच्याच अधिकाऱ्यांकडे आला आणि दंडाच्या रकमा वाढल्या. एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करणाऱ्या नौकेस प्रथम 5 लाख, पुन्हा तोच अपराध घडल्यास 20 लाख रुपयांपर्यंत दंड ठरला.

मूळ कायद्यापासून या दुरुस्तीपर्यंत चाळीस वर्षे गेली. एवढ्या काळात किनाऱ्यावर एक पिढी वाढली आणि दुसरी उभी राहिली. नियम करण्यास विधिमंडळ पुरेसे असते; तो टिकविण्यास मात्र समुद्रात फिरणारी गस्तीनौका, वेळेवर होणारा निर्णय आणि मच्छीमारांची जागरूकता या तिन्ही गोष्टी लागतात. रापणीच्या वाट्यात प्रत्येक दोर ओढणाऱ्याचा हक्क गृहीत धरलेला असतो. तेच न्यायतत्त्व कायद्याच्या अंमलात उतरेल, तेव्हाच ही सुधारणा पूर्ण झाली असे म्हणता येईल.