अंगुल, वीत, हात

बोटाची रुंदी, ताणलेल्या पंजाची लांबी, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर अशा देहाच्या मोजमापांवरून ठरलेली ही प्राचीन भारतीय लांबीची मापे आहेत. त्यांचा पाया अंगुल हा असून १२ अंगुलांची वितस्ति म्हणजे वीत आणि २४ अंगुलांची अरत्नि म्हणजे हात होय.

देह हेच माप मानले, की तो कोणाचा, हा प्रश्न लगेच उभा राहतो. यज्ञभूमीवर आणि राज्यकारभारात त्याची उत्तरे वेगवेगळी मिळाली. वेदी रचण्याचे नियम सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत अग्निचयनासाठी यजमानाचाच देह प्रमाण धरला आहे : हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची म्हणजे एक 'पुरुष', त्या लांबीचा वेळू तोडून त्यानेच साडेसात चौरस पुरुष क्षेत्रफळाची चिती (वेदी) आखायची, आणि पुरुषाचा १२० वा भाग ते अंगुल. साहजिकच यजमान उंच असेल तर त्याची चितीही मोठी होई. मात्र शुल्बसूत्रकार बौधायनाने एकमेकांना चिकटवून मांडलेल्या ३४ तिळांइतके अंगुल, असेही माप दिले आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मध्यम बांध्याच्या पुरुषाच्या मधल्या बोटाच्या मधल्या पेराची रुंदी, किंवा जवाच्या ८ दाण्यांची मधली जाडी, म्हणजे अंगुल. हाताची लांबी मात्र तेथे कामानुसार बदलते : कुरणे मोजताना २८ अंगुले, छावणी व किल्ल्याच्या सुतारकामात ४२, वनोपजासाठी ५४. हा गोंधळ मानणे चुकीचे ठरेल, कारण प्रत्येक व्यवसायाचे माप येथे जाणीवपूर्वक नेमून दिलेले आहे. दोर आणि खोदकामाची खोली यांसाठी ८४ अंगुलांचा व्याम सांगितला आहे. व्याम म्हणजे दोन्ही बाजूंना पसरलेल्या हातांच्या टोकांमधील अंतर, मराठीतली 'वाव'. दोर दोन्ही हातांत ताणून धरला, की प्रत्येक ताणाला एक वाव आपोआप मोजली जाते. हे अंतर साधारणपणे माणसाच्या उंचीएवढेच भरते आणि ८४ अंगुलांचे साडेतीन हात होतात, म्हणून मराठीत देह 'साडेतीन हातांचा' म्हटला जातो.

मराठी राज्यात या मापांना महसुलाचे बळ मिळाले. शिवकालीन जमीनमोजणीची काठी ५ हात ५ मुठींची असे. सभासद बखरीनुसार हात १४ तसूंचा आणि सारी काठी ८२ तसूंची होती (तसू हे गजाच्या हिशेबातले लहान माप). २० काठ्या लांब व तितकाच रुंद चौरस म्हणजे एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर, असा पुढचा हिशेब असे. हात आणि मूठ ही नावे देहाचीच राहिली, पण त्यांची लांबी आता तसूंत बांधलेली असल्याने मोजणाऱ्याच्या अंगलटीवर शेतकऱ्याचा सारा अवलंबून राहिला नाही.