लोझानचीं पांच वर्षें

परकी भाषा ग्रंथांवरून वाचावयास शिकतां येते. पण ती बोलावयाची असेल, तर जेथें तिच्यावांचून चालतच नाहीं अशा ठिकाणीं जाऊन राहिलें पाहिजे, असें म्हणतात. हें म्हणणें किती खरें आहे, आणि त्याची किंमत काय द्यावी लागते, हें एडवर्ड गिबन या इंग्रज इतिहासकाराच्या चरित्रांत स्पष्ट दिसतें.

१७५३ सालीं गिबन सोळा वर्षांचा होता. ऑक्सफर्ड येथें शिकत असतां त्यानें प्रॉटेस्टंट पंथ सोडून कॅथॉलिक पंथ स्वीकारला. त्या काळच्या इंग्लंडांत कॅथॉलिकांना विद्यापीठाचे आणि सरकारी अधिकाराचे दरवाजे बंद होते. संतापलेल्या वडिलांनीं त्याला स्वित्झर्लंडांतील लोझान गांवीं, पाव्हियार नांवाच्या प्रॉटेस्टंट धर्मोपदेशकाच्या घरीं पाठविलें. फ्रेंच शिकणें हा या प्रवासाचा हेतु नव्हता. ती एक प्रकारची हद्दपारीच होती.

लोझानची भाषा फ्रेंच. पहिले कांहीं आठवडे गिबनला साधा प्रश्न विचारतां येईना कीं दिलेलें उत्तर समजेना. जणूं तो मुका आणि बहिरा झाला. त्यांत अरुंद गल्लींतलें काळोखें घर आणि यजमानीणबाईंच्या पंक्तीचें बेताचें जेवण! पण या अडचणीनेंच गुरूचें काम केलें. जें हवें तें फ्रेंचांत मागितल्यावांचून गत्यंतर नव्हतें.

मात्र केवळ बोलण्यावर तो विसंबला नाहीं. सिसरोच्या एखाद्या पत्राचें तो फ्रेंच भाषांतर करी. मूळ शब्द मनांतून पुसले जाईपर्यंत तें बाजूला ठेवी. मग त्याचें पुन्हां लॅटिन करून मूळाशीं ताडून पाही. फ्रेंच उताऱ्यांवरही तो उलट क्रमानें हाच प्रयोग करी. बोलण्यानें जीभ वळली, आणि या अभ्यासानें भाषेला वळण लागलें.

१७५४ च्या नाताळांत तो पुन्हां प्रॉटेस्टंट झाला. वडिलांचा हेतु सिद्धीस गेला. तरी त्याचें परतणें १७५८ सालीं झालें. तोंपर्यंत फ्रेंच ही त्याच्या विचाराचीच भाषा झाली होती, आणि मातृभाषा कांहींशी परकी वाटूं लागली होती. १७६१ सालीं प्रसिद्ध झालेलें त्याचें पहिलें पुस्तक फ्रेंचांत आहे. स्विस लोकांचा इतिहासही त्यानें फ्रेंचांतच आरंभिला. १७६७ सालीं तो डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाच्या वाचनांत आला. ह्यूमनें लेखनाची वाखाणणी केली. पण ग्रीकांत लिहिणाऱ्या रोमन लेखकांची आठवण देऊन, आपली भाषा सोडून फ्रेंचांत कां लिहितां, असें विचारलें. अमेरिकेंतील वसाहतींमुळें इंग्रजीचें भवितव्य अधिक टिकाऊ आहे, असेंही त्यानें बजावलें.

तो इतिहास अपुराच राहिला. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा जो इतिहास गिबनला अमर करून गेला, त्याचा पहिला खंड १७७६ सालीं इंग्रजींत निघाला. पण लोझान सुटलें नाहीं. १७८३ सालीं तो तेथेंच राहावयास गेला, आणि २७ जून १७८७ च्या रात्रीं, तेथल्याच आपल्या बागेंतील लतागृहांत, त्यानें ग्रंथाचीं शेवटचीं वाक्यें लिहिलीं. भोंवतालीं फ्रेंच बोलणारें गांव होतें. कागदावर इंग्रजी होती. परक्या घरीं दीर्घकाळ राहूनही स्वतःच्या घराची वाट ज्याला सांपडली, त्याचेंच शिक्षण पुरें झालें म्हणावयाचें.