कुणी तुटायचं?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या आरसी ट्रकचा मागचा शाफ्ट तुटला. प्लास्टिकचा होता. टेकडीच्या उतारावरून ट्रक उडाला, हवेत असताना माझं बोट ट्रिगरवरच राहिलं, चाकं जमिनीला लागली आणि कट्ट! इंजिनिअर माणूस, उपाय लगेच सुचला. प्लास्टिक तुटलं ना, मग पोलादी शाफ्ट लावू. लावले. तीन रविवार मजेत गेले, चौथ्या रविवारी थेट डिफरन्शियलचं केसिंग तडकलं आणि आतल्या गिअरचे दात गेले. शाफ्टच्या चौपट खर्च, शिवाय पार्ट यायला पाच आठवडे.

ट्रक बंद, म्हणून त्या पाच आठवड्यांत या पार्ट्सचा इतिहास वाचत बसलो. आणि लक्षात आलं की मी महिन्याभरात जी चूक केली, ती या अख्ख्या छंदाने आधी करून झाली आहे :)

सुरुवात जपानमधली. शिझुओकाच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही इलेक्ट्रिक आरसी कार आणली. १९७९ साली आली सँड स्कॉर्चर, वाळूत पळणारी बग्गी. मग १९८६ साली ब्लॅकफूट आणि १९८७ साली क्लॉड बस्टर हे मोठ्या चाकांचे मॉन्स्टर ट्रक आले. क्लॉड बस्टरची गंमत म्हणजे त्याला दोन मोटर, एक पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि एक मागच्या. म्हणजे पुढचं-मागचं जोडणारा मधला शाफ्टच नाही. जो पार्ट गाडीत नाही तो तुटणार कसा?

त्या काळी या गाड्यांत ५४० आकाराची ब्रशवाली मोटर आणि ७.२ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असायची. ब्रशवाल्या मोटरमध्ये कार्बनचे दोन तुकडे फिरत्या कम्युटेटरवर घासतात आणि त्यातूनच सगळा करंट जातो. जास्त करंट ओढला की ठिणग्या उडतात, ब्रश झिजतात, कम्युटेटर काळा पडतो. बॅटरीचंही तसंच, फार जोर मागितला की व्होल्टेज खाली बसतं. थोडक्यात, साखळीतली सगळ्यात कमजोर कडी मोटर-बॅटरीचीच होती. तिच्या कमजोरीमुळे पुढचे प्लास्टिकचे गिअर आणि शाफ्ट निभावून जायचे. हे संरक्षण कुणी मुद्दाम डिझाइन केलं नव्हतं, पण होतं खरं.

ते काढून घेतलं तीन गोष्टींनी, आणि तिन्ही या छंदाच्या बाहेरून आल्या. १९६२ साली विल्सन आणि ट्रिकी या दोघांनी ब्रशऐवजी ट्रान्झिस्टरने करंट फिरवणाऱ्या डीसी मोटरवर पेपर लिहिला. कल्पना तयार होती, पण खेळण्याच्या किमतीत बसायला आणखी काही दशकं लागली. १९८०च्या दशकात जनरल मोटर्स आणि जपानची सुमितोमो यांनी वेगवेगळ्या वाटांनी निओडिमियमचे ताकदवान चुंबक तयार केले. आणि १९९१ साली सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. पुढे तिचीच भावंडं, लायपो बॅटऱ्या, आधी मॉडेल विमानांत आणि मग गाड्यांत शिरली.

दरम्यान टेक्ससच्या ट्रॅक्ससने १९९९ साली टी-मॅक्स हा नायट्रो इंधनावरचा ट्रक काढला आणि पाठोपाठ दोन ब्रशवाल्या मोटरचा ई-मॅक्स. मग कॅन्ससच्या कासल क्रिएशन्ससारख्यांचे ब्रशलेस संच आले आणि लोकांनी ते या जुन्या ट्रकमध्ये बसवायला सुरुवात केली. इथेच खरी पंचाईत झाली.

थोडं गणित करू. २०१०च्या सुमाराच्या स्लॅश फोर-बाय-फोरची ब्रशलेस मोटर ३५०० केव्हीची. इथे केव्ही म्हणजे किलोव्होल्ट नव्हे बरं का, दर व्होल्टला किती फेरे ते. ११.१ व्होल्टची थ्री-सेल लायपो लावली की लोड नसताना मिनिटाला जवळजवळ ३९ हजार फेरे. आता ट्रक हवेत आहे आणि थ्रॉटल पूर्ण दाबलेला. चाकं सुसाट फिरतायत. जमिनीला टेकताच त्यांचा वेग एका क्षणात खाली येतो, पण मोटरचा रोटर थांबायला तयार नसतो. ती सगळी ऊर्जा गिअर आणि शाफ्टवर आदळते.

मग पार्ट बदलायची रांग लागली. प्लास्टिकचे शाफ्ट पिळले जाऊ लागले, तर कॅलिफोर्नियाच्या एमआयपीसारख्यांचे पोलादी आले. शाफ्ट टिकला की डिफचे दात जायचे. दात टिकले की केसिंग, नाहीतर चाकाचा हब. त्या षटकोनी हबचं मापच बघा ना, छोट्या ट्रकमध्ये १२ मिलिमीटर, ई-मॅक्सला १४, पुढे १७, आणि २०१५च्या एक्स-मॅक्समध्ये २४! आमच्या कामातही हेच होतं. डेटाबेस फास्ट केला की नेटवर्क रडतं, नेटवर्क सुधारलं की आणखी कोणीतरी. बॉटलनेक जात नाही, फक्त पत्ता बदलतो.

याच एक्स-मॅक्समध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सापडली. एवढा दणकट ट्रक, पण मोटर आणि डिफच्या मध्ये चक्क एक रबरी तुकडा आहे. त्याला म्हणतात कश ड्राइव्ह. आपल्या बाइकच्या मागच्या चाकात जे असतं तेच! मेकॅनिक सांगतो ना, "साहेब, ड्रम रबर गेलंय", तेच ते. झटका आला की रबर दबतं आणि गिअर वाचतात. म्हणजे एवढं पोलाद घालून झाल्यावर शेवटी मऊ काहीतरी मुद्दाम बसवावं लागलं.

हे वाचल्यावर मी माझा ट्रक उघडला. त्यात रबर नाही, पण त्याच कामासाठी स्लिपर क्लच आहे. स्प्रिंगने दाबलेल्या दोन प्लेट, झटका आला की त्यांनी थोडं घसरायचं. आणि त्याचा नट? पिकअप चांगला मिळावा म्हणून मीच पहिल्या दिवशी पूर्ण आवळून ठेवला होता! केसिंग ट्रकने नाही, मी तोडलं होतं.

आता पोलादी शाफ्ट तसेच ठेवलेत, पण नट सैल केलाय आणि मोटरलगतचा मोठा गिअर मुद्दाम प्लास्टिकचाच ठेवलाय. काही तुटायचंच असेल तर तो तुटू दे. स्वस्त आहे, बदलायला दहा मिनिटं लागतात. एक जादाचा खिशात घेऊनच टेकडीवर जातो.

असो. पुढचा रविवार मोकळा आहे. पाऊस नसला तर भेटू टेकडीवर.