हसायचे कुणाला? : रॉक, नखरा आणि एका छोट्या पटकथेचा शोध

गेल्या वर्षी मे महिन्यात माझ्या भाचीने माझ्याकडे एक मागणी केली. ती चित्रपटाचे शिक्षण घेते. शेवटच्या वर्षासाठी तिला वीस मिनिटांचा लघुपट करायचा होता. "मामा, तू कॉलेजात असताना रॉक ऐकायचास ना? एकांकिकाही लिहायचास. मग मला एक विनोदी पटकथा लिहून दे. पण जरा कॅम्पी हवी." मी पुण्याचा. कॅम्प म्हटले की मला लष्कर भागातल्या बेकऱ्या आठवतात. "म्हणजे ईस्ट स्ट्रीटवर शूटिंग करायचंय का?" मी विचारले. ती हसली नाही.

पंधरा दिवसांत मी पटकथा लिहून दिली. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात चार मुलांचा रॉक बँड आहे. त्यांचा गायक बबन चमकीचे जाकीट आणि डोळ्यांत काजळ घालतो, मानेला झटके देत चालतो. बँडला पहिली सुपारी मिळते ती सत्यनारायणाच्या पूजेची, कारण यजमानांची समजूत अशी की बँड म्हणजे लग्नातला ब्रास बँड. पुढे जो गोंधळ व्हायचा तो होतो. माझ्या मते पटकथा झकास जमली होती. भाचीने ती एका बैठकीत वाचली आणि विचारले, "मामा, यात सगळे बबनला हसतायत. बबन कुणाला हसतो?"

मला उत्तर देता आले नाही. पटकथा बाजूला ठेवली आणि या प्रकारचे विनोदी लेखन रॉकच्या जगात कसे जन्मले, ते शोधू लागलो. त्या शोधात जे हाती आले ते या लेखात मांडतो आहे.

एका शब्दाचा प्रवास

'कॅम्प' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. नखरा, भपका, नाटकीपणा, मुद्दाम केलेला अतिरेक यांपैकी प्रत्येकात त्याचा थोडा थोडा अंश आहे. या अर्थाने हा शब्द इंग्रजी बोलीभाषेच्या कोशात १९०९ साली नोंदलेला दिसतो. त्याच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. पण तो प्रामुख्याने नाटकमंडळींत आणि समलिंगी पुरुषांच्या वर्तुळात वापरला जाई, याबद्दल वाद नाही. इंग्लंडमध्ये पुरुषांमधले समलिंगी संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते. ज्यांना उघड बोलण्याची सोय नव्हती त्यांनी आपसात ओळख पटवण्यासाठी, आणि जगाच्या गांभीर्याची हवा काढण्यासाठी, हा नखरा वापरला. तो शौक होता तसा आडोसाही होता.

क्रिस्टोफर इशरवुड यांच्या 'द वर्ल्ड इन द इव्हनिंग' (१९५४) या कादंबरीतले एक पात्र या वृत्तीचे मर्म सांगते. त्याचा आशय असा की ज्या गोष्टीचा तुम्ही असा खेळ करता, ती तुमच्या लेखी गंभीर असावी लागते. तिची टिंगल करायची नसते, तिच्यातून गंमत काढायची असते. पुढे १९६४ मध्ये सूझन सॉन्टॅग यांनी 'पार्टिझन रिव्ह्यू'त या अभिरुचीवर ५८ टिपणांचा निबंध लिहिला आणि हा शब्द विद्वानांच्या चर्चेत आला. मुद्दाम केलेला कॅम्प हा नकळत घडलेल्या कॅम्पइतका समाधान देत नाही, असे त्यांचे एक निरीक्षण आहे. या अभिरुचीच्या मुळाशी प्रेम असते, हेही त्या सांगतात.

माझ्या पटकथेतला दोष मला इथेच दिसू लागला. मी बबनची टिंगल केली होती. त्याच्यातून गंमत काढली नव्हती.

साठ-पासष्ट खुर्च्यांचे नाट्यगृह

रॉक आणि हा नखरा यांची गाठ पडली ती सत्तरीच्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये. तिला कायद्याची पार्श्वभूमी आहे. ब्रिटनमध्ये नाटकाची संहिता आधी लॉर्ड चेंबरलेनच्या कार्यालयाकडून मंजूर करून घ्यावी लागे. १९६८ च्या नाट्यगृह कायद्याने ही सेन्सॉरशिप संपवली. ती संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, २७ सप्टेंबर १९६८ रोजी, 'हेअर' हे रॉक संगीतक लंडनमध्ये सुरू झाले. पाठोपाठ मार्क बोलन आणि डेव्हिड बोवी यांनी चमकी, रंगरंगोटी आणि स्त्री-पुरुष वेशातली सरमिसळ थेट दूरदर्शनच्या पडद्यावर आणली. या शैलीला 'ग्लॅम रॉक' म्हणतात.

या वातावरणात रिचर्ड ओ'ब्रायन नावाचा, हाताला फारसे काम नसलेला एक नट नाटक लिहीत बसला होता. जन्म १९४२ चा, इंग्लंडमधल्या चेल्टनमचा. बालपण न्यूझीलंडमध्ये गेले. हॅमिल्टन शहरात तो केशकर्तनालयात काम करी आणि त्याच इमारतीतल्या थिएटरात रात्री उशिराचे भयपट नि विज्ञानपट पाही. आज त्या जागी त्याने रंगवलेल्या पात्राचा पुतळा उभा आहे. १९६४ मध्ये तो इंग्लंडला परतला. पुढे 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार'मध्ये त्याला राजा हेरॉडची भूमिका मिळाली आणि एका प्रयोगानंतर गेलीही. पण त्या नाटकामुळे त्याची गाठ जिम शारमन या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाशी पडली. ओ'ब्रायनने त्याला आपली गाणी आणि अर्धवट संहिता ऐकवली.

'द रॉकी हॉरर शो' हे ते नाटक. १९ जून १९७३ रोजी ते रॉयल कोर्ट थिएटरच्या वरच्या मजल्यावर, साठ-पासष्ट प्रेक्षक बसतील एवढ्या जागेत सुरू झाले. कथानक म्हणाल तर अगदी स्वस्त भयपटाचे. पावसाळी रात्र, वाङ्‌निश्चय झालेले एक सोज्वळ जोडपे, गाडीचे चाक पंक्चर आणि समोर एक वाडा. वाड्यात परग्रहावरून आलेला, उंच टाचांचे बूट आणि कॉर्सेट घालणारा शास्त्रज्ञ प्रयोगशाळेत देखणा पुरुष तयार करत असतो. टिम करीने ही भूमिका केली. नाटक हलत हलत मोठ्या जागांत गेले आणि १९८० पर्यंत लंडनमध्ये त्याचे २,९६० प्रयोग झाले.

मी संहितेची रचना पाहत होतो तेव्हा दोन गोष्टी जाणवल्या. पहिली अशी की तो शास्त्रज्ञ एकदाही ओशाळत नाही. वाड्यात तोच नियम आहे; चुकल्यासारखे होते ते त्या सोज्वळ जोडप्याला. हसू येते ते त्यांच्या अवघडलेपणाचे. दुसरी गोष्ट म्हणजे शेवट. इतका वेळ धुडगूस घालणारा नायक अखेर मारला जातो आणि त्याच्या आधी घरी परतण्याबद्दल एक गाणे म्हणतो. त्या गाण्यात विनोद नाही. नखऱ्याखालचे एकटेपण तिथे उघडे पडते.

१९७५ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. चित्रीकरण झाले ते ब्रे स्टुडिओत आणि शेजारच्या ओकली कोर्टमध्ये. हॅमर कंपनीचे भयपट जिथे बनत तीच ही जागा. ज्याचे विडंबन करायचे त्याच्याच घरी जाऊन राहण्याचा हा प्रकार! चित्रपट बहुतेक शहरांत आपटला. मग एप्रिल १९७६ पासून न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधल्या वेव्हर्ली थिएटरात तो मध्यरात्री दाखवला जाऊ लागला. तेच तेच प्रेक्षक पुन्हा पुन्हा येऊ लागले. पडद्यावरच्या संवादांना ओरडून उत्तरे देऊ लागले, पात्रांचे वेश करून येऊ लागले. पडद्यावर लग्न लागले की थिएटरात तांदूळ उडत, पाऊस पडला की डोक्यांवर वर्तमानपत्रे धरली जात. अक्षता टाकणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटू नये. घरी, शाळेत, कचेरीत ज्यांना सांभाळून वागावे लागे, अशा अनेकांना ती मध्यरात्रीची दोन तासांची जागा आपली वाटली. म्युनिकच्या एका चित्रपटगृहात हा चित्रपट १९७७ पासून दाखवला जातो आहे. २००५ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल फिल्म रजिस्ट्रीत त्याची नोंद झाली.

वीस मिनिटांचे गणित

मला हवा होता लघुपट, म्हणून दुसरे उदाहरण शोधले. 'धिस इज स्पायनल टॅप' (१९८४) हा रॉकवरचा बहुधा सर्वात गाजलेला विनोदी चित्रपट. रॉब रायनर, क्रिस्टोफर गेस्ट, मायकेल मॅकीन आणि हॅरी शिअरर या चौघांना पटकथा लिहिण्यासाठी पैसे मिळाले होते. पण बँडमधल्या मुलाखती, रुसवेफुगवे आणि फसलेले कार्यक्रम कागदावर लिहून त्यातली गंमत कळणार नाही, असे त्यांना वाटले. म्हणून त्याच पैशांत त्यांनी १९८२ मध्ये साधारण वीस मिनिटांचा नमुनापट केला. तो दाखवून पुढे पूर्ण चित्रपट उभा राहिला. त्यातले संवाद बव्हंशी उत्स्फूर्त आहेत.

त्यातला एक प्रसंग पटकथा लिहिणाऱ्याने अभ्यासावा असा आहे. रंगमंचावर प्राचीन स्टोनहेंजची प्रचंड शिळा हवी म्हणून गिटारवादक कागदी रुमालावर आकृती काढतो, आणि फुटाच्या खुणेऐवजी इंचाची खूण करतो. अठरा फुटी शिळेऐवजी अठरा इंची खेळणे रंगमंचावर उतरते. गाणे मात्र पूर्ण गांभीर्याने चालू राहते. विनोद आहे तो त्या न ढळणाऱ्या गांभीर्यात. १९८३ मध्ये ब्लॅक सॅबथ या बँडने खरोखरच स्टोनहेंजचा देखावा केला होता, आणि तो इतका मोठा झाला की अनेक रंगमंचांवर मावेना. चित्रपट १९८४ चा असल्यामुळे हा प्रसंग त्यावरून उचलला असे पुष्कळांना वाटते. पण तो १९८२ च्या नमुनापटात आधीच होता. विडंबन वास्तवाच्या एक पाऊल पुढे गेले होते.

त्याच सुमारास ब्रिटनमध्ये, जानेवारी १९८३ मध्ये, चॅनल फोरवर 'बॅड न्यूज टूर' हा अर्ध्या तासाचा विनोदपट दाखवला गेला. लेखक एड्रियन एडमंडसन. एक सुमार हेवी मेटल बँड गाडीतून कार्यक्रमाला निघालेला, सोबत वृत्तपट करणारी मंडळी. म्हणजे समुद्राच्या दोन बाजूंना जवळजवळ एकच कल्पना सुचली होती. पुढे या खोट्या बँडची खरी रेकॉर्ड निघाली, आणि तिची निर्मिती केली 'क्वीन' या बँडचा गिटारवादक ब्रायन मे याने.

पाचगणीचा मुलगा

क्वीनचे नाव आले आणि माझा शोध अचानक सातारा जिल्ह्यात परतला, बबनच्या गावापासून फार दूर नसलेल्या पाचगणीत. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा मूळचा फारुख बुलसारा. ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात जन्मलेला. लहानपणीच तो पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात दाखल झाला. तिथेच मुलांनी मिळून 'द हेक्टिक्स' हा बँड काढला. गंमत अशी की फ्रेडी त्यात पियानो वाजवी. पुढे उभा राहून गाणारा मुलगा दुसराच होता.

या फ्रेडीने आणि त्याच्या सोबत्यांनी १९८४ मध्ये एका गाण्यासाठी जी चित्रफीत केली, ती मला हव्या असलेल्या प्रकाराचा सर्वात छोटा आणि नेटका नमुना वाटते. गाणे 'आय वाँट टु ब्रेक फ्री', लेखक जॉन डिकन, दिग्दर्शक डेव्हिड मॅलेट. 'कॉरोनेशन स्ट्रीट' या लोकप्रिय ब्रिटिश मालिकेचे ते विडंबन. चौघेही बायकांच्या वेशात, आणि फ्रेडी आपल्या भरघोस मिशा तशाच ठेवून घरात व्हॅक्यूम क्लीनर फिरवतो आहे. ब्रिटनमध्ये घरोघरी लोक हसले, कारण मालिका ओळखीची होती आणि पुरुषांनी बायकांचे सोंग घेण्याची तिथे जुनी परंपरा होती. अमेरिकेत मात्र ही चित्रफीत अनेकांना रुचली नाही. तिथे तिने आपले नुकसान केले, असे ब्रायन मे यांनी पुढे सांगितले आहे. बोट फ्रेडीकडे दाखवले गेले. वास्तविक ती कल्पना त्याची नव्हती. चौघांनी सोंग घेतले, आणि संशय एकट्यावर आला.

हे वाचताना मला गणपत पाटील आठवले. मराठी तमाशापटांतला नाच्या म्हणजे गणपत पाटील, असे समीकरणच झाले होते. आपण थिएटरात त्यांना हसलो, आणि थिएटरबाहेरही हसणे थांबवले नाही. पडद्यावरच्या त्या चालण्या-बोलण्यामुळे या घरसंसारी माणसाला प्रत्यक्ष आयुष्यात टोमणे सोसावे लागले. बालगंधर्वांच्या शालूला आपण नमस्कार केला आणि नाच्याच्या मुरक्यांना शीळ घातली. सोंग दोन्हीकडे होते. फरक होता तो संहितेने कुणाला मान दिला याचा. माझ्या बबनच्या मानेचे झटके मी कुठून उचलले होते, ते मला तेव्हा कळले. लहानपणी टुरिंग टॉकीजमध्ये मीही शीळ घातली होती.

पुन्हा पटकथेकडे

पटकथा मी तीनदा लिहिली. बबनचे जाकीट काढले नाही. उलट त्याला आणखी चमकी लावली. त्याचे काजळ ठेवले. बदलले ते एवढेच की आता बबन पूजेला आल्यावर बावरत नाही. तो आरतीला आपले गाणे म्हणतो तितक्याच तन्मयतेने गातो, आणि गिटारच्या आवाजाने अवघडतात ते यजमान. पुण्याहून आलेले, सगळ्यातले सगळे कळणारे एक मामा मी त्यात घातले आहेत. बँड म्हणजे काय हे ते सर्वांना समजावून सांगतात, आणि दर वेळी चुकतात. शेवटी मंडपातली माणसे पांगल्यावर बबन एकटाच वायरी गुंडाळत काहीतरी गुणगुणतो. तिथे विनोद नाही.

भाचीने नवी पटकथा वाचली. मामांच्या पहिल्याच वाक्याला ती खळखळून हसली आणि माझ्याकडे पाहून आणखी हसली. मग शेवटच्या पानावर थोडा वेळ थांबली. म्हणाली, "मामा, आता करूया."

चित्रीकरण डिसेंबरात आहे. जाकीट शिवायला टाकले आहे.